उघडं घर, बंद दुपार

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात बर्ग आयलंड नावाचं एक चिमुकलं बेट आहे. ओहोटीला तिथे वाळूवरून चालत जाता येतं, भरतीला उंच चाकांच्या ट्रॅक्टरवर बसून पाण्यातून जावं लागतं. या बेटावर, लाटेचा शिंतोडा खिडकीवर यावा इतक्या जवळ, 'पिल्चर्ड इन' नावाचा पब आहे आणि तो १३३६ सालापासूनचा आहे असं पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं जातं. पिल्चर्ड म्हणजे आपल्या तारलीची विलायतेत दिलेली चुलत बहीण. तेव्हा सगळा रुबाब बाजूला ठेवून नावाचं भाषांतर केलं, तर उरतं ते 'तारलीची खानावळ'. पण विलायतेहून परतलेला आपला माणूस हे भाषांतर करत नाही. तो देवगड तालुक्यात मिठबावला गजबादेवीच्या टेकडीवर उभा राहतो, खालचा समुद्र आणि तांबळडेगची वाळू पाहतो, उसासा टाकतो आणि म्हणतो, "सगळं आहे हो आपल्याकडे, पण किनाऱ्यावर एखादा जुना, ऐतिहासिक पब असता ना, तर मजा आली असती!" हे वाक्य बोलून झाल्यावर तो जिथे जेवायला जातो, ती जागा तो शोधत असलेला पबच असते, फक्त त्याला कोणी तसं सांगितलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते शेवटपर्यंत सोडायचा माझा विचार नाही.

पब हा शब्द 'पब्लिक हाउस'चं शेपूट तोडून झालेला आहे. पब्लिक हाउस म्हणजे लोकांसाठी उघडलेलं घर. आता हे घर मुळात कोणाचं? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बिअरची थोरली बहीण जी एल, ती घरोघरी बायका गाळायच्या. घरच्या माणसांना पुरून उरली, की दारावर एक काठी किंवा झुडपाची जुडी अडकवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याने समजून घ्यायचं की आत मिळते. पुढे १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजाने एल विकणाऱ्याने पाटी लावलीच पाहिजे असा कायदा केला, आणि विलायती पबांच्या त्या सुप्रसिद्ध झुलत्या रंगीत पाट्या सुरू झाल्या. म्हणजे पबची जन्मकथा अशी: एक बाई, तिची चूल, घरच्यांना पुरून उरलेलं काहीतरी, आणि दारावर खूण. हे वर्णन वाचताना ज्याला किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची, माडाला खिळ्याने ठोकलेली 'घरगुती जेवण मिळेल' ही पाटी आठवणार नाही, त्याने कोकण फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं असावं. पाटीच्या वरच्या बाजूला कोणत्या तरी देवीची प्रसन्नता, खाली मोबाइल नंबर, मध्ये बाण. बाण बहुधा अशा दिशेला असतो जिथे फक्त करवंदीची जाळी दिसते. पण चालत राहायचं असतं. झुलत्या पाटीचं काम हा खिळ्याने ठोकलेला पत्र्याचा चौकोन बिनतक्रार करतो. फरक इतकाच, की विलायतेत पुढे पुरुष आले, धंदा मोठा झाला, दारूभट्टीवाल्या कंपन्यांनी घरं विकत घेतली, आणि लोकांसाठी उघडलेल्या घरातलं घर निघून गेलं. मिठबावच्या बाजूला ते अजून जागेवर आहे. चुलीपाशी अजून बाईच आहे. पुरुष आलेले आहेत, पण ते गल्ल्यावर बसून सरकार कसं चालवावं याविषयी बोलतात आणि हाक आली की पाण्याचा जग भरून आणतात. मध्ययुग इतक्या चांगल्या अवस्थेत जपून ठेवलेलं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

घर जागेवर आहे म्हणजे काय, हे आत गेल्यावर कळतं. जुन्या विलायती पबांमध्ये एक साधा बार असायचा, एक जरा महागडा सलून बार असायचा, आणि 'स्नग' म्हणून एक छोटी आडोशाची खोली असायची, जिथे बसलेलं माणूस इतरांना दिसत नसे. आज असे स्नग टिकवण्यासाठी तिकडे लोक चळवळी करतात. आपल्याकडे खळं, पडवी, ओटी आणि माजघर ही वाटणी कोणत्याही चळवळीशिवाय चालू आहे. खळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर घाईचं गिऱ्हाईक, पडवीत कुटुंबवत्सल मंडळी, आणि ओळखीचे, सासरमाहेरचे, मुंबईहून गणपतीला आलेले थेट माजघरात. भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर, त्याच्या शेजारी लग्नातला फोटो, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गणिताची वही घेऊन बसलेला मुलगा, ज्याला जेवता जेवता एखादा पाहुणा त्रैराशिक चुकीचं समजावून सांगतो. लंडनच्या कंपन्या जुन्या बाजारातून पिवळे पडलेले फोटो आणि फुटक्या किटल्या आणून पबला घरपण यावं म्हणून हजारो पौंड घालवतात. इथे घरपण कमी कसं करावं हीच खरी अडचण आहे.

आता मुख्य आक्षेप. तो दबक्या आवाजात घेतला जातो, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो: पबात दारू मिळते, खानावळीत सोलकढी मिळते, मग तुलना कसली? आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला कायद्याच्याच काट्यावर तोलू. महाराष्ट्रात मद्याचा कारभार आजही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतो. नाव दारूबंदीचं आणि काम दारू देण्याचं, असा हा एकमेव कायदा असेल. या कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना हवा, म्हणूनच आपल्याकडे बारला परमिट रूम म्हणतात. आणि हा परवाना कशासाठी दिला जातो? आरोग्य टिकवण्यासाठी. तसं त्यावर छापलेलंच असतं. विदेशी मद्याच्या एका दिवसाच्या आरोग्याला पाच रुपये, देशीच्या आरोग्याला दोन रुपये, आणि जन्मभराच्या आरोग्याला हजार. कडक मद्यासाठी वयाची अट पंचवीस. म्हणजे मुलाचं लग्न एकविसाव्या वर्षी होऊ शकतं, पण त्यानंतरची चार वर्षं त्याने शुद्धीवर काढायची. अशा राज्यात पबचं वातावरण शोधणाऱ्याने प्रामाणिकपणे विचार करावा. परमिट रूममध्ये पडदे ओढलेले असतात, उजेड शवागारासारखा असतो, समुद्र पलीकडे असला तरी खिडकी त्याच्याकडे पाठ करून बसवलेली असते, आणि गिऱ्हाईक बाहेर पडताना आधी रस्त्यावर मेहुणा नाही ना हे पाहतं. लोकांसाठी उघडलेलं घर म्हणावं, तर ते सगळ्या बाजूंनी बंद असतं.

सरकारने मधल्या काळात या आक्षेपावर उपायही काढला. जून २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने किनाऱ्यावर गोव्यासारख्या कुट्या उभारण्याचं धोरण मंजूर केलं. सुरुवातीला आठ किनारे निवडले, त्यांत मिठबावच्या शेजारचं कुणकेश्वर होतं आणि मालवणजवळचं तारकर्लीही. प्रत्येक किनाऱ्यावर दहा कुट्या, ऐंशी टक्के स्थानिकांना, असं सगळं शहाणपणाने आखलेलं. आणि वेळ? सकाळी सात ते संध्याकाळी सात. मे महिन्यात इथे सूर्य सातच्या आसपास बुडतो. म्हणजे दिवसभर ऊन खाऊन सूर्यास्त पाहायला बसलेल्या माणसाच्या हातात पेला असेल-नसेल, बूड टेकायला जागा सापडते न सापडते तोच कायद्याने समुद्र आवरता घ्यायचा. ज्याने हे वेळापत्रक बनवलं तो माणूस पबला कधी गेला नसावा, मात्र ग्रामीण भागातल्या सहकारी बँकेत नक्की गेला असावा.

आणि दारूच म्हणाल, तर या किनाऱ्याला ती कोणी शिकवायला नको होती. माडावर चढून माडी उतरवणं हा भंडारी समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याच्या काळात इंग्रजांनी त्यावर झाडागणिक कर बसवला. हा कर नीट समजून घेतला पाहिजे. विलायतेत परवाना इमारतीला, इथे परवाना झाडाला. छपराऐवजी झावळ्या, दाराऐवजी खोडात कोरलेल्या खाचा, तळघर आकाशात. समुद्राकाठचा ऐतिहासिक पब हवा होता ना? तो साठसत्तर फूट उंच उभा होता, वाऱ्यावर डोलत होता, आणि कर भरत होता. आता माडी उतरवणारे हात कमी झाले, तरी देवचाराच्या आणि राखणदाराच्या ठिकाणी नारळ-विडीबरोबर कुठे कुठे थोडी दारूही ठेवली जाते. म्हणजे गावाचा रात्रपाळीचा पहारेकरी आपला पेग वेळच्या वेळी घेतो आणि त्याच्याकडे परमिट मागायची अबकारी खात्याची अजून हिंमत झालेली नाही. राहता राहिली सोलकढी. कोकमाचं आगळ, नारळाचं दूध, लसूण, हिरवी मिरची. ती सकाळी केली तर संध्याकाळपर्यंत फाटते, बाटलीत भरून लंडनला पाठवता येत नाही, जिथे केली तिथेच प्यावी लागते. विलायती पिंट कायद्याने ५६८ मिलिलिटरचा असतो आणि एक थेंब जास्त मिळत नाही. सोलकढीची वाटी किती मिलिलिटरची हे कोणाला ठाऊक नाही, कारण ती पुरती रिकामी व्हायच्या आत पुन्हा भरलेली असते. पिणाऱ्याची जीभ सैल करणं हे पबातल्या पेयाचं काम असेल, तर मालवणी मुलखात ते काम पाणी पिऊनही होतं. गजाली मारायला इथे नशेचं निमित्त लागत नाही.

दुसरा आक्षेप ऐतिहासिकपणाचा. पिल्चर्ड इनचं १३३६, आणि आमची खानावळ कधीची? तर "थोरल्याचा लग्न झाला त्याच्या आदल्या वर्साक." बरं, पण विलायतेतल्या सालांचीही जरा झडती घेऊ. नॉटिंगहॅमचा 'ये ओल्ड ट्रिप टु जेरुसलेम' हा पब भिंतीवर ठळक अक्षरांत ११८९ हे साल मिरवतो. आज उभी असलेली इमारत मात्र सतराव्या शतकातली. चारपाचशे वर्षांची तफावत एका रंगाच्या डब्यात भरून निघते. आपल्याकडे असा रंगाचा डबा वापरायची पद्धत नाही, हा इतिहासाचा अभाव मानायचा की रंगाचा? शिवाय इथली हवा. खारा वारा लोखंड खातो, वाळवी लाकूड खाते, वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस उरलेलं खातो. चिऱ्याच्या भिंती तगल्या तरी वासे बदलत राहावे लागतात. सहाशे वर्षांची तुळई कोकणात कोणी दाखवली, तर ती वाळवीने नजरेआड कशी केली याची चौकशी करावी लागेल. आणि किनाऱ्याला खेटून नवं बांधून पुढच्या सहाशे वर्षांची तयारी करावी म्हटलं, तर १९९१ पासून भरतीरेषेचे नियम आडवे येतात. किनाऱ्यावर खरोखर जुनं, नावाजलेलं, बारसकट भोजनालय पाहायचंच असेल तर गोव्यात कळंगुटला 'सौझा लोबो' आहे, १९३२ सालापासूनचं. पण तिथे पोर्तुगीज होते. पोर्तुगीजांनी तिकडे भोजनालयाची सवय ठेवली, आमच्याकडे फक्त मिरची पाठवली. आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्या सौद्यात तोटा झाला असं वाटत नाही.

तरीही इतिहास हवाच असेल, तर तो खानावळीत आहे, फक्त तो या किनाऱ्यावर घडला नाही. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीची कित्येक दशकं या मुलखाचं मुख्य पीक म्हणजे मुंबईला जाणारी माणसं. हापूसचा नंबर त्यानंतर. ही माणसं गिरणगावात एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायची आणि जेवायची कुठे, तर गावाकडच्याच एखाद्या बाईच्या खानावळीत. तिथे महिन्याचा हिशेब, वहीत नाव, आणि कालवणाला आईच्या हातची नाही तरी गावच्या मसाल्याची चव. खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या होत्या; प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेची दारं उघडून दिली. मग १९८२ चा संप आला, गिरण्या बसल्या, वहीतली नावं पांगली. पुढे १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि मुंबईची माणसं उलट दिशेने जेवायला येऊ लागली. ज्याचा आजोबा परळला बसून मिठबावच्या चवीचं जेवण शोधत होता, तो नातू मिठबावला बसून परळच्या हॉटेलसारखं बटर गार्लिक मागतो. हा सगळा प्रवास एका बांगड्याच्या तुकडीत मावलेला आहे, आणि तुम्ही भिंतीवर साल शोधताय.

तिसरा आक्षेप सोयीचा: मेनूकार्ड नाही. हे साफ खोटं आहे. मेनूकार्ड आहे, फक्त ते उभं असतं, त्याच्या खांद्यावर पंचा असतो आणि ते गाऱ्हाणं घातल्यासारखं एका दमात बोलतं: सुरमई, सरंगा, बांगडो, मोरी, तिसऱ्ये, पेडव्यांचा तिखला. प्रत्येक नावाला समोरच्यांच्या माना डोलतात; "व्हय म्हाराजा" तेवढं म्हणायचं राहतं. यात 'मोरी' आली की पुण्याकडचा पाहुणा हबकतो. त्याच्याकडे मोरीत हात धुतात, इथे हात धुऊन मोरी खातात. ती लहान जातीची मुशी असते आणि तिचं मटण करतात, एवढं कळेपर्यंत त्याने शाकाहारी थाळी सांगून टाकलेली असते. दर विचारावा तर उत्तर 'साइजप्रमाणे'. लोक याला बनवाबनवी म्हणतात, पण सकाळच्या लिलावात सुरमईने काय भाव खाल्ला हे छापील कार्डाला कसं कळणार? थाळीतला भात पोटभर आणि मासा मोजून, हा नियम मात्र सगळीकडे एकच. भात आपल्या घरचा, मासा समुद्राच्या मर्जीचा. आणि तिसऱ्यांदा भात नको म्हणणाऱ्याकडे वाढणारी बाई ज्या नजरेने पाहते, ती कोणत्याही विलायती मालकिणीला सहाशे वर्षांत जमलेली नाही.

वेळेचं तसंच. सकाळी दहाच्या आत फोन करून माणसं सांगायची, दीडपर्यंत यायचं, अडीचनंतर कोणी आलं तर कुत्रंसुद्धा उठत नाही. हा आळस आहे असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: पहिल्या महायुद्धात कारखान्यांतले कामगार पिऊन पडू नयेत म्हणून विलायतेत पब दुपारी बंद ठेवायचा नियम आला. युद्ध संपलं, नियम राहिला. तो १९८८ साली जाऊन रद्द झाला. म्हणजे सत्तरएक वर्षं इंग्लंडने वामकुक्षीचा कायदा पाळला आणि शेवटी नेटाने सोडून दिला. मिठबावच्या बाजूला तो कोणी केला नव्हता, म्हणून तो रद्द करायलाही कोणी येत नाही. इथे दुपारी दोन ते चार फक्त समुद्र चालू असतो.

चौथा आक्षेप खवचट आहे: खानावळच आहे, तर तिला खानावळच म्हणा की, पब कशाला म्हणायचं? मान्य. मला त्या शब्दाची हौस नाही. हौस विलायतेहून आलेल्या पाहुण्याला आहे आणि त्याला समजेल अशा भाषेत बोलणं भाग आहे. उलट बाजूने तो बर्ग आयलंडला 'तारलीची खानावळ' म्हणायला तयार असेल, तर मी आज इथे थांबतो. तो तयार होणार नाही, कारण तारली म्हटलं की त्याला वास येतो आणि पिल्चर्ड म्हटलं की इतिहास येतो.

राहता राहिला एकच प्रश्न, आणि तो आक्षेपाहून गंभीर आहे: नेमकं कधी जायचं. सोमवारी जाऊ नये. कुणकेश्वराच्या टापूत निम्मी घरं शंकराची असतात आणि त्या दिवशी चुलीवर काळ्या वाटाण्याचं सांबारं चढतं. गुरुवारी काही घरं दत्ताची, संकष्टीला सगळीच गणपतीची. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी, समुद्र खवळलेला, ताटात सुक्या बांगड्याचा तुकडा आणि सुकटीची किसमूर. श्रावणात तीही नाही. शेजारच्या आचऱ्याला गावपळण असली, तर माणसं, कोंबड्या, कुत्री सगळी वेशीबाहेर. तिथे सोलकढीसुद्धा विचारू नये. ही सगळी वजाबाकी करून जो दिवस उरतो, त्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोन लावावा. पलीकडून मासे काय आलेत ते सांगणार नाहीत, दर सांगणार नाहीत, पत्ता सांगतील तो "पिंपळाकडसून खाली" एवढाच. विचारतील एकच: "किती जणां असात?" आकडा नीट सांगावा. तेवढ्याच वाट्यांचा नारळ आडाळ्यावर खवला जातो, आणि ऐन वेळी दोन माणसं वाढली तर कोणाच्या तरी ताटातली तुकडी कमी होते. ते ताट बहुधा स्वयंपाकघरातलं असतं.